आनंदराव तोर्नेली, मूळचे लष्करचे

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, ताई, लग्नं जमवतानाचे काही गोड अनुभव लिहून द्या, दिवाळीचा अंक आहे. गोडच हवं होतं तर त्यांनी एखादा हलवाई गाठायचा. मी ग्वाल्हेरात आमच्या मराठी मंडळाचं वधू-वर सूचक केंद्र पंचवीसेक वर्षं चालवलं. इंदरगंजच्या चौकाजवळ, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत, दर गुरुवारी आणि रविवारी. त्या खोलीत बसून मी माणसांच्या तोंडून जे ऐकलं आहे, त्यानंतर गोड लिहायला बसणं मला जमणार नाही. जे लिहीन ते रागानंच लिहीन. संपादकांना छापायचं तर छापावं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, हे काम म्हणजे पत्रिका जुळवणं आणि पेढे खाणं. खरं काम म्हणजे एका घरचा नकार दुसऱ्या घरी धुऊन-पुसून पोचवणं. "कळवतो" म्हणजे नाही. "पत्रिका दाखवून सांगतो" म्हणजे फोटो आवडला नाही. "मुलाचा सध्या विचार नाही" म्हणजे मुलानं परस्पर जमवलं आहे आणि आईला अजून पत्ता नाही. होकार मात्र फोनवर कधीच येत नाही. तो स्कूटरवर बसून स्वतः येतो, जिना चढून धापा टाकतो आणि आधी पाणी मागतो. एका वडिलांना जावई असा हवा होता की मुलीचं सासर आपल्या गच्चीवरून दिसलं पाहिजे. तसा मिळवून दिला. आता मुलगी रोज संध्याकाळी माहेरी येऊन बसते आणि ते माझ्याकडे तक्रार करतात.

या सगळ्यात पहिला प्रश्न एकच असायचा. पगार, उंची, रंग हे नंतर. आधी, "मूळचे कुठले?"

हा प्रश्न पुण्यात कुणी विचारला तर मी समजू शकते. पण आम्ही ग्वाल्हेरची माणसं. आमचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले. कुणी तलवार घेऊन आला, कुणी पोथी, कुणी दौत-लेखणी. फौजेचा तळ जिथे पडला त्या जागेला लष्कर म्हणू लागले, आणि तंबूंच्या जागी घरं झाली तरी नाव तेच राहिलं. परत कुणी गेलं नाही. तरीही लष्करात जन्मलेली, लष्करात वाढलेली आई लष्करातल्याच दुसऱ्या आईला विचारणार, मूळचे कुठले. आणि ती दुसरी मान ताठ करून अशा एका गावाचं नाव सांगणार, जे तिनं नकाशातसुद्धा शोधलेलं नाही.

माझ्या सासरचं आडनाव आसगावकर. यजमान असताना आम्ही एकदा हौसेनं त्या आसगावला गेलो. देवळापाशी चहाच्या टपरीवर मी चांगल्या मराठीत सांगितलं की आम्ही इथलेच, आमचं आडनाव आसगावकर. टपरीवाल्यानं माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, "आप लोग एमपी से हो क्या?" यजमानांनी चहाचे पैसे हिंदीतच विचारून दिले. त्या दिवसापासून मूळ गावाचा अभिमान कुणी माझ्यापुढे मिरवला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आता आनंदरावांबद्दल सांगते.

ते एका गुरुवारी मुलीचा फोटो घेऊन आले. वीज खात्यातून निवृत्त झालेले, पांढरी मिशी, इस्त्रीचा शर्ट. बोलणं आमच्याच गल्लीतलं. मुलगी रेवती, एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, ती पवारांची. मी नाव लिहून घेऊ लागले तेव्हा त्यांनी आडनाव इतक्या हळू सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं.

"तोर्नेली," ते म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत पुढचं सगळं सांगून टाकलं. बँकेत, रेशनच्या दुकानात, शाळेच्या प्रवेशाला, दवाखान्यात, जन्मभर प्रत्येक खिडकीशी तेच तेच सांगून त्यांना ते पाठ झालं होतं. ख्रिश्चन नाही, पारशी नाही, मद्रासकडचे तर मुळीच नाही. त्यांचा एक पूर्वज इटलीहून आला होता. तोफा ओतणं आणि डागणं हे त्याचं काम. तेव्हा मराठी फौजेत असे फिरंगी पुष्कळ होते, चांगला गोलंदाज कुठूनही आला तरी हवाच असायचा. त्यानं इथल्याच एका शिलेदाराच्या मुलीशी लग्न केलं. पुढे त्या घराच्या दोन शाखा झाल्या. एक ख्रिश्चन राहिली आणि कामाधंद्याच्या मागे कानपूर, मग कुठे परदेशात पांगली. दुसरीनं घरात आलेल्या मराठा बायकांचे देव धरले. आनंदराव त्या दुसरीचे. मूळ पुरुषाचं पाळण्यातलं नाव काय होतं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. त्याला सगळे तोफवाले आजोबा म्हणतात.

"नाव सोडून दिलं नाही कुणी?" मी विचारलं.

"सोडायचं का म्हणून, वहिनी? त्यांच्याजवळ देण्यासारखी तेवढीच तर चीज होती."

रेवतीनं या नावाचा माग काढला होता. तिकडे इटलीतसुद्धा ते दुर्मीळच. एका डोंगराळ भागात थोडी घरं आहेत, बाकी देशात जवळजवळ कुणी नाही. तिथल्या एका बाईंनी तिला मोठ्या आपुलकीनं उत्तर पाठवलं होतं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मूळ शब्द चरकाचा, लाकूड नाही तर धातू फिरवून कातायच्या यंत्राचा. म्हणजे आपल्याकडे कातारी, तसे तिकडचे हे. तोफेची नळी आतून कातणाऱ्याचं आडनाव दुसरं काय असणार? आपल्याकडे तांबट आहेत, सोनार आहेत, ओतारी आहेत. त्यांना कुणी विचारत नाही की हे कसलं नाव.

ग्वाल्हेरात मात्र तोर्नेलींचं घर एकच, आणि त्या घरात मूल एकच. म्हणजे हे नाव आनंदरावांबरोबर इथून जाणार हे उघड होतं. मुलगी लग्न करून दुसऱ्या घरी जाणार, दुसरं नाव लावणार. मग त्या नावाचा कुणाला त्रास व्हायचं कारण तरी काय? उंबऱ्याबाहेर राहणारी वस्तू ती. पण त्रास झाला, आणि असा झाला की विचारू नका.

सुरुवात आमच्याच मंडळातून झाली. चिटणीस वैद्यसाहेब म्हणाले की हे स्थळ "इतर" या सदरात घाला. मी विचारलं, इतर म्हणजे कोण? घरात खंडोबाचा टाक आहे, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत-रोडगा होतो, दसऱ्याला शस्त्रं पुजतात, मुलगी गणपतीत आपल्याच मंडपात अथर्वशीर्ष म्हणते. वैद्यसाहेब म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण गोत्र काय लिहाल? आनंदरावांना गोत्र माहीत नव्हतं, हे खरं. आता मी तुम्हाला या धंद्यातली एक गोष्ट सांगते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांना गोत्र माहीत नसायचं. ते पोरांना फोन लावायचे, पोरं काकांना लावायची, शेवटी सगळे मिळून काश्यप सांगायचे. कारण गोत्र ठाऊक नसेल त्याचं काश्यप धरतात, ही रीतच आहे. आपण विसरलो तर काश्यप, आणि आनंदराव विसरले तर इतर. मी रेवतीचं स्थळ जिथे घालायचं तिथेच घातलं.

मग फोन सुरू झाले. एका बाईंनी विचारलं की मुलगी घरी इंग्रजी बोलते का. एकीनं विचारलं, जेवणात काय काय चालतं, आणि "काय काय" वर असा जोर दिला की माझं डोकंच फिरलं. एक गृहस्थ म्हणाले, मुलगी उत्तम आहे, फक्त आडनाव बदलून घेता येईल का, लग्नाआधी. मी म्हटलं, लग्नानंतर बदलणारच आहे, तुम्हीच बदलणार आहात. तर म्हणाले, नाही, पण आधी बदललं तर बरं दिसेल. हे लोक शिकलेले होते. त्यांच्या घरची मुलं सातासमुद्रापलीकडे नोकऱ्या करतात आणि तिथल्या शेजाऱ्यांनी आपलं नाव नीट उच्चारलं नाही की रागावून इकडे फोन करतात.

आनंदरावांना मी यातलं फारसं कळू दिलं नाही. "बघताहेत," एवढंच सांगायची. ते माझ्याकडे बघून हसायचे. जन्मभर खिडक्यांशी उभा राहिलेला माणूस, त्याला आतून पडदा सरकवल्याचा आवाज बरोबर कळतो.

शेवटी पाटणकर बाजारातल्या साळुंख्यांचं स्थळ आलं. मुलगा अभिजित मालनपूरच्या कारखान्यात इंजिनिअर. वडील नाहीत, घरात आईचा शब्द चालतो. मुलानं रेवतीला आधीच पाहिलं होतं, त्याचा मोडलेला गुडघा तिनंच महिनाभर वाकवून सरळ केला होता. त्यामुळे त्याचा होकार मी विचारायच्या आधीच चेहऱ्यावर होता. साळुंखेबाई बघायला गेल्या, बरोबर मी.

पोहे झाले, बोलणं झालं. मग त्या देवघरात नमस्काराला गेल्या आणि थबकल्या. टाकांच्या शेजारी, भिंतीला टेकवून एक लांब काळा गज उभा होता, हळदकुंकू लावलेला. त्यांनी विचारलं, हे काय. आनंदराव म्हणाले, तोफवाल्या आजोबांचा, तोफेत दारू ठासायचा गज. आमचं शस्त्र हेच, दसऱ्याला याचीच पूजा करतो. साळुंख्यांच्या घरी दसऱ्याला तलवार पुजतात, मी स्वतः तिथे आपट्याची पानं द्यायला गेलेली आहे. मला वाटलं, बाई आता ओळखीचं हसतील. एकाच फौजेची दोन हत्यारं, एकाच छावणीत उतरलेली. पण त्यांनी लांबूनच हात जोडले आणि पदर सावरत बाहेर आल्या.

दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला. लग्न मान्य, मुलगी पसंत, देणं-घेणं काही नको. एकच अट. पत्रिका मुलीच्या मामांच्या नावानं छापायची, पवारांची भाची म्हणून. आणि कन्यादानालाही मामा-मामींनी बसायचं.

ज्यांना आमच्या रीती माहीत नाहीत त्यांना सांगते. मामानं मुलीला मांडवात आणायचं, हा त्याचा मान आहेच. पण कन्यादानाला बाप सोडून मामा कधी बसतो? बाप वारलेला असेल तेव्हा. साळुंखेबाईंनी दोन वाक्यांत एका जिवंत माणसाला मारून टाकलं होतं, आणि वर देणं-घेणं नको म्हणून उपकारही केले होते. मी इतकी संतापले की फोन हातातून टेबलावर आपटला. खालच्या औषधवाल्यानं वर येऊन विचारलं, काही पडलं का.

निरोप पोचवणं माझं काम होतं. हा मी पोचवणार नव्हते. पण साळुंखेबाईंनी माझ्या आधीच मामांना फोन करून ठेवला होता आणि मामा आनंदरावांकडे जाऊन आले होते. दुसऱ्या दिवशी आनंदराव जिना चढून आले. मी पाणी दिलं. ते म्हणाले की त्यांची हरकत नाही.

मी त्यांच्यावर ओरडले. निवृत्त, वयानं मोठ्या माणसावर, जिन्यात लोक उभे असताना. म्हटलं, तुमची हरकत नाही म्हणजे काय, तुम्ही मेला आहात का? त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, मला तर असं लागतं की नाव आज ना उद्या जायचंच आहे. मुलगा चांगला आहे. मी मागे खुर्चीवर बसून घेईन. तिथूनही दिसतं."

ते "तिथूनही दिसतं" मला झोपू देईना. सकाळी उठून मी पाटणकर बाजारात साळुंख्यांच्या घरी गेले. बाईंनी चहा टाकला, मी तो घेतला नाही. मी त्यांना विचारलं की तुमचे खापरपणजोबा आणि आनंदरावांचे तोफवाले आजोबा एकाच फौजेच्या पगारावर होते की नाही. एकाच तळावर उतरले की नाही. तुम्ही तेव्हापासून इथले, तर ते कुठले? बाई रडायला लागल्या. म्हणाल्या, त्यांच्या मोठ्या जाऊबाई पुण्याच्या. या लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या जाऊबाई चारचौघांत यांच्या बोलण्यावर हसत आल्या, "आमच्या हिंदीवाल्या जाऊबाई" म्हणून ओळख करून देत आल्या. आता लग्नाला त्या येणार. सोयऱ्यांचं नाव ऐकून पुन्हा तेच हसू बघायचं का?

मला त्यांची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण रागच जास्त आला. पुण्याच्या जावेकडून स्वतः जे सोसलं तेच उचलून इथे दुसऱ्याच्या ताटात वाढायचं, ही कुठली रीत? आसगावचा तो टपरीवाला निदान अनोळखी होता. मी एवढंच म्हटलं की मांडवात त्या माणसाबद्दल कुणी विचारलं तर सांगा, हे मुलीचे वडील. आणि उठून आले.

रेवतीला तोवर यातलं काही माहीत नव्हतं, बापानं आणि मामांनी तिच्यापासून लपवलं होतं. तिला ते अभिजितकडून कळलं, आणि त्याला आईच्या रडण्यावरून. रविवारी दोघं एकदमच केंद्रात आली. खोलीत चार-पाच माणसं बसलेली होती, तिनं पर्वा केली नाही. टेबलाशी उभी राहून म्हणाली, "काकू, पापा अभी ज़िंदा हैं ना? मग मामा का बसेल?"

अभिजित तिच्या मागे उभा होता, कानापर्यंत लाल झालेला. तो म्हणाला, "मी आईला बोलून दिलं आहे, काकू. आनंदकाका बसतील तर मी पण बसेन. नाही तर नाही."

लग्न ठरलं, पत्रिका आनंदरावांच्या नावानं छापली गेली. पुढचं काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे शेवटी राग नको.

साळुंखेबाईंनी वैद्यसाहेबांकडे माझी तक्रार केली की मी घरी जाऊन बोलले. मंडळाची बैठक झाली. केंद्रात यापुढे फक्त "मूळ महाराष्ट्रीय आडनावांची" स्थळं घ्यावीत असा ठराव आला. मी विचारलं की मूळ कुणी ठरवायचं, टपरीवाल्यानं का? कुणाला कळलं नाही. ठराव बहुमतानं झाला. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि जिना उतरले. केंद्र आता बंदच आहे. मुलं फोनवर आपापलं जमवतात, आणि देवाच्या दयेनं तिथे मूळ गावाचा रकाना कुणी भरत नाही.

आणि साळुंखेबाई? त्यांच्या पुण्याच्या जाऊबाई लग्नाला आल्या, इटलीची गोष्ट ऐकून हरखून गेल्या, गजाबरोबर फोटो काढून घेतले. त्या दिवसापासून साळुंखेबाई सराफ्यात भेटोत की हळदीकुंकवाला, सांगत असतात, "आमच्या सूनबाईंचं घराणं इटलीचं आहे बरं का." गळ्यात नवा हार घालून सांगावं तसं सांगतात. आधी लाज वाटली तेव्हा मला राग आला होता, आता मिरवतात त्याचा दुप्पट येतो. त्या लाजेत आनंदराव हा माणूस नव्हता आणि या मिरवण्यातही नाही. मी हे आनंदरावांना बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, जाऊ द्या वहिनी, पोरगी सुखात आहे. त्यांना राग येत नाही. म्हणून तो मला दोघांच्या वाटचा करावा लागतो.

आता लग्नाचा दिवस. आनंदरावांनी ठेवणीतला कोट घातला होता. पत्नी नाही, म्हणून शेजारच्या पाटावर सुपारी ठेवली होती. मामांनी रेवतीला मांडवात आणलं आणि आपणहून मागे खुर्चीवर जाऊन बसले. गुरुजींच्या गळ्यात माईक होता. त्यांनी हळूच गोत्र विचारलं. आनंदरावांनी मान हलवली. गुरुजींनी क्षणभरही न थांबता काश्यप म्हटलं, जसं ते या गावातल्या निम्म्या घरांसाठी म्हणतात, आणि पुढे गेले.

कन्यादानात मुलीच्या तीन पिढ्या मोठ्यानं उच्चारतात. सखारामरावांची पणती, माधवरावांची नात, आनंदरावांची मुलगी, असं गुरुजींनी संस्कृतात म्हटलं. आडनावापाशी मात्र ते अडखळले. त्यांना ते आधी सांगितलेलं होतं, कागदही समोर होता, पण जीभ वळेना. मांडवात कुणीतरी खुसखुसलं. मी पहिल्या रांगेत होते, उठायच्या बेतात होते.

आनंदराव पुढे झुकले. ज्या माणसानं साऱ्या आयुष्यात प्रत्येक खिडकीशी आपलं नाव खाली मान घालून सांगितलं, त्यानं गुरुजींच्या गळ्यातला माईक हातात धरला आणि म्हटलं, "तोर्नेली."

ते पंगतीत वाढणाऱ्यांनाही ऐकू गेलं. एक वाढपी हातात वरणाची बादली घेऊन दारात येऊन उभा राहिला. गुरुजींनी ते नाव उचललं, संस्कृतात बसवलं आणि विधीप्रमाणे तीनदा म्हटलं. मग आनंदरावांनी मुलीच्या हातावर पाणी सोडलं, आणि दोनशे वर्षं लष्करात राहिलेलं ते नाव आमच्या सगळ्यांच्या देखत मुलीनं मागे ठेवलं.

मी रडले. पण ते रडणं कौतुकाचं नव्हतं, लिहून ठेवते. बापाच्या पाटावर बाप बसला होता. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आम्हाला भांडावं लागलं, याची मला आजही चीड येते.